बोरसे सरांच्या छातीचे दोन फोटो

एखाद्या माणसाच्या छातीत धुळ्याला गाठ असते आणि जळगावला नसते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी शास्त्र शिकवत होते. सोनगीरच्या हायस्कुलात, अगदी हायवेच्या कडेला, जिथे ट्रकचा भोंगा वाजला की माझं अर्धं वाक्य मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. पण ही गोष्ट आमच्याच शाळेत घडली, माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि ती बोरसे सरांच्या बाबतीत घडली म्हटल्यावर ओळखणाऱ्यांना फारसं नवल वाटत नाही.

बोरसे सर आमचे पी.टी.चे शिक्षक. पोरं त्यांना ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. सर तसे होते. उभे राहिले तरी सरळ, बसले तरी सरळ, एसटीत बसले तरी पाठ बाकाला टेकायची नाही. सोनगीर ते धुळे रस्ता तेव्हा असा होता की मी मी म्हणणारे शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन पडत, आणि सर मात्र खांबासारखे. एकदा एका कंडक्टरानं काळजीनं विचारलं होतं, सर, पाठीला काही लागलंय का? सर म्हणाले, लागलेलं नाही, लावलेलं आहे. काय लावलंय ते त्यांनी सांगितलं नाही, पण कंडक्टर त्या दिवसापासून सरळ उभा राहून तिकिटं फाडायला लागला.

त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं, आणि ते दिवसातून कितीदा ऐकावं लागे याला हिशेब नाही. "खांदे मागे. बाकी सगळं आपोआप पुढे जातं." परीक्षेला जाणाऱ्या पोराला हेच, लग्न ठरलेल्या पोरीला हेच. माझी बदली होते की काय अशी भीती पडली तेव्हा मलाही हेच. मी चिडून म्हटलं, सर, बदलीचा आणि खांद्यांचा काय संबंध? ते म्हणाले, बाई, करून तर बघा. मी केलं नाही. बदली झाली नाही ती नाहीच, आणि श्रेय मात्र त्यांनी माझ्या खांद्यांना दिलं.

आमच्याकडे कुणाचं कुणी गेलं की त्याच्या दारावर जायची रीत आहे. पुरुष ओट्यावर खाली मान घालून बसतात, बोलत काही नाहीत, थोड्या वेळानं उठून जातात. आमच्या हेडमास्तरांचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे शिक्षक गेलो. हेडमास्तर रडून रडून पार मुटकुळं होऊन बसले होते. बोरसे सर जागेवरून उठले, त्यांच्याजवळ गेले, कानाशी वाकले. म्हणजे वाकले कसले, कंबरेतून दुमडले, पाठ सरळच. सगळ्यांना वाटलं, धीर देताहेत. मी बायकांत दाराशी बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणाले, "सर, पाठ सरळ करा. रडायला बरं पडतं." आणि हेडमास्तरांनी केली हो. एवढा दुःखातला माणूस, पण ताठ बसून रडला. नंतर मला स्वतः म्हणाले की बाई, खरंच बरं पडलं.

आता भटूचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही घडलंच नसतं. भटू भामरे आमचा विद्यार्थी. बारीक, घाबरट, ओळीत कायम शेवटी. मार्क बेताचे, पण सांगितलेलं ऐकणारा इतका की कधी कधी राग यायचा. एका शनिवारी सरांनी वर्गाला मैदानावर ‘सावधान’ दिलं आणि तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. मैदान आखायच्या चुन्याच्या फक्कीवरून ऑफिसात काहीतरी वाद निघाला होता. सर तरातरा गेले, भांडत बसले, आणि ‘विश्राम’ द्यायचं राहिलं. शाळा सुटायची घंटा झाली तशी पोरं हळूहळू पळाली. सर परत आले तर रिकाम्या मैदानावर एकटा भटू. सावधान. नाकावर माशी बसलेली, तीही उडवलेली नाही.

सरांनी त्याला विश्राम दिला. मग तो पोरगा जागेवर मटकन बसला आणि सर त्याच्या शेजारी उभे राहिले. नंतर त्या दिवसाचा विषय निघाला की सरांचा आवाज जड व्हायचा. म्हणायचे, बाई, माझ्या हातून एवढा एकच विद्यार्थी घडला. मी म्हणायची, सर, घडला नाही, तो उन्हात करपला. पण ते त्यांना पटायचं नाही.

हाच भटू पुढे कसलासा कोर्स करून धुळ्याला एका दवाखान्यात छातीचे फोटो काढायला लागला. एक्स-रे म्हणा. आमच्याकडे फोटोच म्हणायचे.

सरांना खोकला जुना. मैदान आखायची फक्की ते स्वतःच्या हातानं टाकत. शिपायाला देत नसत, त्याची रेघ वाकडी जाते म्हणून. वर्षानुवर्षं तो चुना नाकातोंडात गेला. वर आमच्या मैदानाची माती, वर हायवेचा धूर. सकाळी पोरांना पळवताना सर मध्येच थांबत आणि शिट्टी तोंडात धरून तसेच उभे राहत. पोरांना वाटे आता शिट्टी वाजणार. ती वाजायची नाही, कारण फुंकायला श्वासच नसायचा. मी खिडकीतून बघायची आणि मला कसंतरी व्हायचं.

पण गंमत ऐका. त्या दुखण्यात माणसाची फुफ्फुसं फुगतात, हवा आत जाते आणि नीट बाहेर येत नाही, म्हणून छाती पिंपासारखी गोल होत जाते. हे मला पुस्तकात सापडलं. सरांना सापडलं ते शिंप्याकडे. शर्टाचं माप घेताना छाती वाढलेली निघाली. पन्नाशी उलटल्यावर छाती वाढते म्हणजे काय, सगळी स्टाफरूम त्यांनी डोक्यावर घेतली. ज्याला त्याला टेप देऊन मोजायला लावत होते. मी सांगायला गेले की सर, हे लक्षण चांगलं नाही. ते म्हणाले, बाई, तुम्हाला शास्त्र कळतं, छाती मला कळते.

शेवटी त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, त्यांना धुळ्याला नेलं. अक्का बुटक्या, गोल, आणि सरांना न घाबरणारी जगातली एकमेव व्यक्ती. बोलायच्या अहिराणीत, भरभर. धुळ्याच्या डॉक्टरांनी छाती ऐकली, जुना आजार आहे म्हणाले, फोटो काढायला पाठवलं. तिथं भटू. सर येताना दिसल्याबरोबर तो खुर्चीतून उठून ‘सावधान’मध्ये उभा राहिला. सरांनी हे घरी आल्यावर गावभर सांगितलं. फोटोचं काय झालं ते कुणालाच सांगितलं नाही.

फोटोत डाग होता. उजवीकडे, वर, कडेला, पुसटशी सावली. डॉक्टर म्हणाले, जुना आजार तर आहेच, पण हे वेगळं वाटतं. गाठ असू शकते. अजून एकदा बघू.

सरांची मुलगी लता जळगावला दिलेली. तिनं हे ऐकलं आणि बापाला जळगावला बोलावून घेतलं. जावयाच्या ओळखीच्या ठिकाणी फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी उजेडावर धरून बघितला आणि म्हणाले, फुफ्फुसं फुगलेली आहेत, जुनाट आहे, जपायला हवं. गाठबीठ काही नाही.

झालं. तिथून पुढे आमच्या गावात दोन तट पडले. अक्कांनी दोन्ही फोटो घरच्या खिडकीला दोरी बांधून वाळत घातल्यासारखे लटकवले होते, कारण उजेडात बघायचं असतं एवढं त्यांना कळलं होतं. येणारा जाणारा बघून जाई आणि मत देऊन जाई. कुणी म्हणे धुळ्याचं मशीन जुनं आहे. कुणी म्हणे जळगाववाले गोड बोलतात, तिकडची पद्धतच आहे. एका म्हाताऱ्या आबांनी दोन्ही फोटो नीट न्याहाळले आणि सांगितलं की दोन्ही सारखेच दिसतात, फक्त एकात माणूस दुःखी आहे. हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं मत होतं.

आणि मी शास्त्राच्या बाई. माझ्याशिवाय निकाल कसा लागणार? रोज कुणीतरी मला धरून त्या खिडकीशी नेई. आता मी श्वसनसंस्था शिकवायची ती काचेच्या हंडीत दोन फुगे लावून. खालचा पडदा ओढला की फुगे फुगतात. त्या पलीकडे माझी मजल नाही. पण नाही म्हटलं तर शास्त्र विषयाची अब्रू जाते. म्हणून एकदा मी फोटोवर बोट ठेवून हृदय दाखवलं, बरगड्या दाखवल्या, चांगलं दहा मिनिटं समजावलं. लोक माना डोलवत होते. मग अक्का म्हणाल्या, "बाई, तो उलटा टांगेल शे." मी त्यानंतर त्या गल्लीतून जायचंच टाळलं.

हेडमास्तरांनी तर कमाल केली. वडील वारल्यापासून ते सरांना फार मानत. त्यांनी गंभीरपणे विचार करून सुचवलं की जळगाव जिल्ह्यात बदली मागावी, कारण तिथे आजार कमी आहे. सर त्यावर खरोखर विचार करत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण सरांचं स्वतःचं मत धुळ्याच्या बाजूनं होतं. गाठ आहे म्हणणाऱ्या बाजूनं. का, तर धुळ्याला शिस्त होती. भटू अदबीनं उभा राहिला, सर, जरा छाती टेकवा म्हणाला, लांबून बटण दाबलं. जळगावच्या माणसानं काय केलं? सर हे सांगताना लाल व्हायचे. त्या माणसानं सरांना मागून दोन्ही खांद्यांना धरलं, केळीचा घड ट्रकमध्ये रचतात तसं पुढे दाबलं, हात कमरेवर ठेवायला लावले, आणि सर सरळ व्हायच्या आत पळत जाऊन फोटो काढून मोकळा झाला. पोक काढायला लावलं मला, सर म्हणत. ज्या ठिकाणी माणसाला नीट उभं राहू देत नाहीत, तिथला फोटो खरा कसा असेल? आम्ही सगळ्यांनी हे कितीदा ऐकलं. मीही ऐकलं, आणि हसले, आणि विसरले. सगळं उत्तर त्यात होतं, पण ऐकायला कुणाला वेळ होता?

पुढचा फोटो धुळ्याला निघाला आणि सगळ्यांचं हसणं बंद झालं. डाग वाढला होता. थोडा आतही सरकला होता. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की मुंबईला न्या, छाती उघडून बघावं लागेल, उशीर करू नका. आणि हेही सांगितलं की अशी फुफ्फुसं असलेला माणूस टेबलावरून उठेलच अशी खात्री देता येत नाही. नेलं नाही तर गाठ मारेल, नेलं तर ऑपरेशन मारेल, अशा कात्रीत त्या सापडल्या. एवढी तोंडाळ बाई, पण माझ्याकडे आली आणि नुसतं फोटोचं पाकीट उलटंसुलटं करत बसली.

त्याच आठवड्यात सर मला शाळेच्या व्हरांड्यात भेटले. मैदानाकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, बाई, एक शास्त्रातलं विचारायचं आहे. मी म्हटलं, विचारा. मला वाटलं किती दिवस जगतात वगैरे विचारतील.

"एका बाजूचं फुफ्फुस काढलं," ते म्हणाले, "तर त्या बाजूचा खांदा खाली येतो का?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू आलं. मी म्हटलं, नाही येत सर. मला माहीत नव्हतं. मी खोटं बोलले. त्यांनी मान हलवली आणि खांदे होते त्याहून मागे घेतले.

मुंबईला जायच्या आधी लतानं हट्ट धरला की एकदा जळगावच्या डॉक्टरांना दाखवूनच जा. अक्कांनी खिडकीतले सगळे फोटो काढले, एका पिशवीत घातले आणि सरांना घेऊन निघाल्या. तिथं काय झालं ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याचे आणि आपला असे सगळे फोटो पहिल्यांदाच शेजारी शेजारी लावले. खूप वेळ बघितले. मग सरांना म्हणाले, धुळ्याला तुम्ही उभे कसे राहिलात ते मला करून दाखवा.

सर उठले आणि ‘सावधान’मध्ये उभे राहिले. टाचा जुळलेल्या, हात शिवणीवर, खांदे मागे. डॉक्टर त्यांच्या पाठीमागे गेले आणि पाठीवरची दोन्ही पंख्यासारखी हाडं बोटानं दाबून बघितली. मग हसायला लागले. म्हणाले, ही तुमची गाठ. खांद्याचं हाड. खांदे पुढे घेतले की हे हाड बाजूला सरकतं आणि फुफ्फुस मोकळं दिसतं. मागे घेतले की ते फुफ्फुसावर येऊन बसतं आणि त्याची सावली पडते. उजवीकडे जास्त, कारण तुम्ही गोळाफेक केलेली दिसते. दुसऱ्या वेळी तुम्ही पहिल्यापेक्षा जास्त ताठ उभे राहिला होतात का?

राहिले होते. गाठ आहे ऐकल्यावर माणूस खचतो. हे घाबरले की ताठ होत. जितके घाबरले तितके खांदे मागे गेले, आणि जितके खांदे मागे गेले तितकी गाठ वाढली. आणखी दोनदा धुळ्याला गेले असते तर फोटोवरून डॉक्टरांनी त्यांना वारलेलंच ठरवलं असतं.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मला खात्री आहे, पण धुळ्याच्या डॉक्टरांनाही पटू द्या, तिथंच खांदे पुढे घेऊन पुन्हा एक फोटो काढा. धुळ्याचे डॉक्टर थोडे नाराज झाले, पण म्हणाले, ठीक आहे, माझ्या मशीनवर स्वच्छ निघाला तर मुंबई रद्द. नाही तर आजच्या आज निघा.

म्हणजे एवढंच करायचं होतं. एका माणसानं एक क्षणभर पोक काढून उभं राहायचं. आणि बोरसे सर नाही म्हणाले.

मला अक्का ओढूनच धुळ्याला घेऊन गेल्या होत्या, तुम्ही शास्त्राच्या, तुमचं ऐकतील म्हणून. फोटोच्या खोलीबाहेर बाकड्यावर आम्ही तिघं. मी समजावलं, अक्कांनी समजावलं. सर शांतपणे म्हणाले की मी मुंबईला जायला तयार आहे, छाती उघडायला तयार आहे, पण उभ्या आयुष्यात मी पोरांना जे करू दिलं नाही ते स्वतःहून करणार नाही. जळगावला जबरदस्ती झाली, ती वेगळी गोष्ट. मी म्हटलं, अहो, मग इथंही जबरदस्ती करू. अक्का तर उठल्याच. सरांना आत नेऊन छाती टेकवायच्या पाटीसमोर उभं केलं, मागून दोन्ही खांदे दाबून पुढे ढकलले. पण फोटो निघताना खोलीत कुणी थांबायचं नसतं. अक्का बाहेर यायला वळल्या की खांदे जागेवर परत. पुन्हा दाबले, पुन्हा परत. तिसऱ्यांदा अक्का तिथंच कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

आणि भटू? भटू इतका वेळ त्याच खोलीच्या कोपऱ्यात सावधानमध्ये उभा होता. चेहरा पांढराफटक. त्याला सगळं माहीत होतं हो. खांदे पुढे घ्यायचे असतात हे तो रोज शेकडो माणसांना सांगत होता. फक्त एका माणसाला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. मी आत जाऊन त्याला झापलं, भटू, अरे तू सांगितलं का नाहीस पहिल्याच दिवशी? तो म्हणाला, "बाई, सरांना ‘खांदे पुढे’ कसं म्हणू?" आणि खरं सांगते, मी तरी म्हटलं असतं का?

शेवटी अक्काच बोलल्या. रडत होत्या, पण आवाज खणखणीत. नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हले हुकूम लागस ना? मग त्या पोरले हुकूम करू द्या. त्यानी तुमना बठ्ठा हुकूम ऐका शे. तुम्ही त्याना एक ऐका."

सर भटूकडे बघत राहिले. मला वाटतं, ते रिकामं मैदान त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. मग ते पाटीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "दे."

भटू काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," सर म्हणाले. "हुकूम पोटातून द्यायचा. आधी इशारा, मग थांब, मग शब्द. शिकवलेलं विसरलास?"

भटूनं पुन्हा प्रयत्न केला. सर म्हणाले, शेवट पडतोय, शेवट उचल. पुन्हा केला. सर म्हणाले, टाचा जुळव आधी. बाहेर दुसरे पेशंट जमले होते, सगळे गुमान ऐकत होते. एक म्हातारा तर आपसूक ताठ उभा राहिला होता. मला एकीकडे हसू आवरेना आणि एकीकडे वाटत होतं, देवा, या पोराच्या तोंडून एकदा नीट निघू दे, या माणसाचा जीव त्यावर आहे.

आणि मग निघालं. त्या बारीक पोराच्या आत एवढा आवाज कुठे होता कोण जाणे. "खांदे!" म्हणाला, थांबला, आणि दणदणीत, "पुढे!"

सरांचे खांदे पुढे आले. दोन्ही एकदम, झटक्यात, कवायतीत येतात तसे. हात कमरेवर गेले, हनुवटी वर टेकली. आम्ही बाहेर पळालो. भटूनं श्वास घ्यायला लावला, रोखायला लावला, बटण दाबलं, श्वास सोडायला लावला, आणि ती पाटी काढून घेऊन धावत अंधाऱ्या खोलीत गेला.

विश्राम द्यायचं मात्र राहिलं.

दाराला छोटी काच होती. मी आत बघितलं. सर तसेच उभे होते. खांदे पुढे, पाठ वाकलेली, गाल त्या रिकाम्या चौकटीला टेकलेला. इतक्या वर्षांत मी त्यांची वाकलेली पाठ पाहिली नव्हती. ते थकलेले होते. फार दिवसांपासून थकलेले असणार. आणि श्वास, जो कायम अडखळत चालायचा, तो त्या वाकलेल्या अवस्थेत बराच सुरळीत चालला होता. मी अक्कांना हाक मारली नाही. भटू ओला फोटो हातात धरून, रडत, हसत बाहेर आला तोपर्यंत ते तसेच होते. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं दारातूनच विश्राम दिला.

फोटो स्वच्छ होता. म्हणजे जुनं दुखणं होतं तसंच होतं, फुगलेली फुफ्फुसं, पिंपासारखी छाती. पण गाठ नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरांनी तो बराच वेळ उजेडावर धरला, मग मुंबईची चिठ्ठी स्वतःच्या हातानं फाडली. जाताना सरांना सांगितलं की धाप लागली तर पुढे वाकून, हात कशावर तरी टेकून उभे राहत जा, श्वास सोपा जातो. सरांनी ऐकून घेतलं. अक्का म्हणाल्या, ऐकतात फक्त. करणार नाहीत.

त्यानंतरही त्यांनी आणखी बरीच वर्षं पोरांना खांदे मागे घ्यायला लावलं. भटूची लग्नपत्रिका शाळेत आली ती एकट्या सरांच्याच नावानं आली, आणि सर ती खिशात घालून शाळाभर हिंडले. मग ते निवृत्त झाले. मीही झाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सोनगीरच्या स्टॉपवर. धुळ्याची बस धरायला मी गेले होते. हायवेच्या पुलाला लोखंडी कठडा होता, त्यावर दोन्ही हात टेकून, खांदे पुढे घेऊन, सर वाकून उभे होते. डोळे मिटलेले. खिशातून औषधाचा पंप डोकावत होता. मी हाक मारणार तेवढ्यात प्राथमिक शाळेची पोरं ओळीनं रस्ता ओलांडायला आली. पोरांचा आवाज कानावर गेला आणि सर सरळ झाले. खांदे मागे. ती चिल्लीपिल्ली जाईपर्यंत, शेवटचं पोर पलीकडे पोचेपर्यंत, ते तसे उभे राहिले. चेहरा निळसर पडत चालला होता. मला धावत जावंसं वाटत होतं.

ओळ संपली. सरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. बोलायला श्वास नव्हता, तो गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"बाई," ते म्हणाले, "विश्राम द्या."

मी जन्मात कधी हुकूम दिला नव्हता. मी आजूबाजूला पाहिलं, टाचा जुळवल्या आणि पोटातून आवाज काढला. "विश्राम."

त्यांचे खांदे हळूहळू पुढे आले, हात कठड्यावर टेकले. माझी बस आली. मी चढले, खिडकीशी बसले, पाठ टेकवली नाही. सर पुलावर वाकून उभे होते आणि श्वास घेत होते.